मोरपंखीची रांग

दिवाळीचा चिवडा अजून डब्याच्या तळाशी शिल्लक होता, तेव्हाच सुनीतीला ते दिसलं. शलाकाला बालवाडीत सोडून ती परत येत होती. फाटकातून आत शिरल्यावर तिचे डोळे सवयीने रांगेतल्या दुसऱ्या झाडाकडे गेले. पुष्करचं झाड. खालच्या बाजूला, कुंपणाकडच्या अंगाला, एका फांदीचं टोक तांबूस झालं होतं. पांढऱ्या कापडावर चहा सांडून वाळल्यावर जसा डाग उरतो, तसं. तिने दोन बोटांनी ते चाचपलं. पानं चुरचुरली आणि हातात आली.

"काय गं, उवा शोधतेस काय पुष्करच्या डोक्यात?" पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सगुणाताईंचा आवाज आला. त्या चादर झटकत होत्या.

"टोक वाळलंय बघा ना."

"वाळू दे एक टोक. तुझी तर नजरच तशी. आमचं पोर तापाने फणफणलं तरी मला संध्याकाळी कळतं, आणि तू झाडाचं नख मोडलं तरी सकाळी ओळखतेस."

सुनीती हसली. सगुणाताई कांबळे अशा बोलू शकायच्या. 'पुष्कर' हे नाव त्या भाजीच्या भावासारखं सहज उच्चारायच्या. पूर्ण बिल्डिंगीत तेवढ्यासाठी सुनीतीला त्यांची गॅलरी हवी असायची.

नेरूळच्या त्या सोसायटीत पहिली बिऱ्हाडं आली तेव्हा आवारात गवताची काडी नव्हती. जमीन भरावाची, खालून खारट. कुणी जास्वंद लावून बघितली, कुणी गावाहून नारळ आणला; सगळं पिवळं पडून गेलं. मग सेक्रेटरी दिनानाथकाका गद्र्यांनी नातीच्या बारशाच्या दिवशी हौसेने एक मोरपंखी आणून फाटकाजवळ लावली आणि ती चक्क लागली. तिथून रीतच पडली. सोसायटीत कुणाचंही बारसं असो, त्या दिवशी कुंपणालगत त्या मुलाच्या नावाची मोरपंखी लावायची. गद्रे ब्राह्मण, कांबळे बौद्ध, चौथ्या मजल्यावरचे साताऱ्याकडचे. रीत सगळ्यांची एकच झाली. मुलं त्या पानांना 'विद्या' म्हणत आणि पुस्तकात ठेवत, पण आपापल्याच झाडाची. दुसऱ्याच्या झाडाची विद्या तोडली की भांडण जिन्यावरून थेट आयांपर्यंत चढायचं. वाढदिवसाला पोराला झाडाला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्याच्या उंचीवर लाल लोकरीचा धागा बांधायचा. कुंपण होतं तेवढंच आणि मुलं होत राहिली, त्यामुळे झाडं एकमेकांना खेटून, भिंतीसारखी वाढली. लोक कौतुकाने म्हणत, बघा, आमची पोरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

पुष्करचं बारसं झालं, झाड लागलं आणि सव्वा महिना व्हायच्या आत पुष्कर गेला. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. तिचा नवरा सुधीर आणि सासरे त्याला खाडीच्या बाजूला ठेवून आले; तिला नेलं नाही. पुढे तिथे भराव पडला, रस्ता झाला. नेमकी जागा आता सुधीरलाही दाखवता आली नसती. फोटो काढायचा राहून गेला होता. झबली-टोपडी सासूबाईंनी कुणाला तरी देऊन टाकली आणि सांगितलं, गेलेल्याचं नाव घरात घेऊ नये, पाठचं मूल टिकत नाही. घरात नाव बंद झालं. पण झाडाचं नाव घ्यायला कुणाची मनाई नव्हती. 'पुष्करला पाणी कमी पडतंय', 'पुष्करवर पतंग अडकलाय' असं आवारात कुणीतरी म्हणायचं आणि सुनीतीच्या हातातलं काम थांबायचं. पाठची शलाका टिकली, बालवाडीत जायला लागली. तिला वाटायचं, पुष्कर हे झाडाचंच नाव आहे.

सगुणाताईंचा राहुल त्याच महिन्यातला. त्याचं झाड पुष्करच्या शेजारचं, तिसरं. राहुलच्या वाढदिवसाला सगुणाताई लोकर बांधायच्या, तेव्हा सुनीती जवळ उभी असायची. लोकरीची गाठ बसली की शेजारच्या झाडावर, तेवढ्याच उंचीवर, तिची नजर एकदा टेकून यायची. बांधलं मात्र कधी काही नाही.

संक्रांतीपर्यंत पुष्करच्या झाडाची एक बाजू विटकरी झाली. राहुलच्या झाडाचीही टोकं वाळली, आणि गद्र्यांच्या नातीच्या झाडाचीही. गच्चीवर मीटिंग भरली. दिनानाथकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सुनीतीताई, आपल्यात बॉटनी शिकलेल्या तुम्ही एकट्या. सांगा, काय प्रकार आहे?"

बी.एस्सी. होऊन आठ वर्षं झाली होती. त्या वर्षांत तिने डाळ-तांदूळ आणि शलाकाच्या औषधाचे डोस सोडून दुसरं काही मोजलं नव्हतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते आणि उत्तर तर तिच्याजवळ केव्हाचं तयार होतं. पूर्वेचा वारा सुटला की तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा तो आंबूस वास. शलाका खोकली की आधी खिडकीबाहेर नाक काढून हुंगायची तिची सवय. गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की लागणारी काजळी.

"धूर," ती म्हणाली. "तळोज्याचा. पानांवर थर बसतो, पानं गुदमरतात. रोज धुतली पाहिजेत."

"मी म्हणत नव्हतो?" असं एकदम चौघं म्हणाले. सगळ्यांच्या मनात तेच होतं, फक्त शिकलेल्या माणसाच्या तोंडून यायचं बाकी होतं.

"काय सुधीरराव," कुणीतरी टोला हाणला, "तुमच्या कंपनीने आमची पोरं खाल्ली की हो!"

सुधीर तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होता. "मी फक्त पगारपत्रकं करतो," तो म्हणाला. "धूर दुसरं डिपार्टमेंट करतं." हशा पिकला. 'खाल्ली' हा शब्द मात्र सुनीतीला लागला. सुधीर तिच्याकडे न बघता चप्पल पायात सरकवत होता.

मग रोज संध्याकाळी पाइप निघायचा. नामा माळी नळाला लावून द्यायचा आणि बायका पाळीपाळीने झाडं धुवायच्या, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. पोरं भिजायची, ओरडायची. धुतलेली मोरपंखी दिव्याखाली चमकायची, राळेचा गार वास सुटायचा. सुनीती पुष्करच्या झाडापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबायची. एका हाताने पाइप धरायचा, दुसऱ्या हाताने पानं हळूच उलटून आतून पाणी सोडायचं. काखेत, मानेखाली. तिचे हात ते आपोआप करायचे. घरी शिरताना बाह्या ओल्याचिंब असायच्या आणि तिला शांत झोप लागायची.

होळी झाली तरी झाडं सुधारेनात. उलट तांबूसपणा रांगेने पुढे सरकायला लागला.

"वैनी, या झाराचा काय खरा नाय," नामा म्हणाला. तो जवळच्या शिरवणे गावचा, बोलणं तोंडावर. "रोज धुताव, रोज जास्त जलतंय. पानी गोरा हाय का खारा, मना तं कलत नाय."

त्या दुपारी तिने माळ्यावरच्या ट्रंकेतून कॉलेजातलं जुनं भिंग काढलं. वाळलेल्या पानाच्या खवल्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. नीट, गोल, फुगीर. धुराची काजळी अशी बसत नाही. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन झाडांच्या फांद्या वेगवेगळ्या बांधल्या, शलाकाला सगुणाताईंकडे ठेवलं आणि एस.टी.ने ठाण्याला आपल्या बॉटनीच्या सुमित्राबाईंकडे गेली. बाई निवृत्त होऊन घरीच होत्या. खिडकीपाशी त्यांचा मायक्रोस्कोप अजून मांडलेला होता, कुणी विणकाम मांडून ठेवावं तसा.

त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि मग म्हणाल्या, "बुरशी."

"धूर नाही?"

"धुराने झाड सगळीकडून निस्तेज होतं गं. हे एका जागी धरलंय आणि पसरलंय. हे काळे ठिपके बीजाणूंनी गच्च भरलेले आहेत. पाणी लागलं की फुटतात आणि थेंब उडाला की त्याबरोबर शेजारच्या झाडावर. म्हणून पानं कोरडी ठेवायची असतात. ठेवलीत ना?"

सुनीती पिशवीची गाठ सोडत राहिली. गाठ सुटलेली होती.

"काय गं?"

"रोज संध्याकाळी पाइपाने धुतो."

"कुणी सांगितलं?"

"मी."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "दोन झाडांत अंतर किती?"

"अंतर नाहीच. लागून आहेत."

"असं का लावलंत?"

"मुलं जास्त झाली," सुनीती म्हणाली. बाईंना ते कळलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "अजून हातात आहे. सुरुवात झाली ते झाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंची, अशी तीन मुळासकट काढा आणि जाळा. लगेच. पाइप बंद. मग उरलेल्यांवर मोरचुदाची फवारणी. पावसाच्या आत हे केलंत तर बाकीची रांग वाचेल."

"नुसतं छाटून? आजारी भाग तेवढा काढला तर?"

"अगं, तू माझी विद्यार्थिनी ना? ते झाड आतून गेलंय. आणि एकदा पाऊस लागला की काही करता येणार नाही. पाऊस म्हणजे तुझा पाइपच, चार महिने."

परतीच्या एस.टी.त तिने वाक्यं जुळवली. तीन झाडं काढायची आहेत. गद्र्यांच्या नातीचं, राहुलचं आणि. पुढचा शब्द आला की गाडीला खड्डा लागायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

फाटकाशी सगुणाताई शलाकाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. "काय म्हणाल्या तुझ्या बाई?"

"बुरशी आहे. पानांवर पाणी मारायचं नाही."

"अगं बाई! म्हणजे आपण रोज..." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि?"

"आणि औषध फवारायचं. मोरचूद."

"बस? हुश्श. मला वाटलं, उपटायला सांगतात की काय."

"छे," सुनीती म्हणाली. "तसं काही नाही." आणि शलाकाला घ्यायला तिने हात पुढे केले.

रात्री जेवताना सुधीरने आमटीचा भुरका घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. "बाईंनी अजून काही सांगितलं का?"

"नाही. का?"

"दोनदा मीठ पडलंय. तुझ्या मनात काही असलं की आमटीत दोनदा पडतं."

ती उठून पाणी घालायला गेली. तो मागून हळू म्हणाला, "सुनीती, झाड आहे ते."

"मी काय म्हटलं?"

"काहीच नाही म्हणालीस. तेच सांगतोय."

तिने मोरचूद आणला, चुना आणला, पुस्तकात बघून बादलीत कालवला. पंपाने फवारताना हात निळे व्हायचे. शिवणाची कात्री घेऊन ती पुष्करच्या झाडाची वाळकी टोकं कापायची, मग राहुलच्या झाडाची, मग पुढच्या, कुणाला वाटू नये की ही एकाचंच करते. कात्री प्रत्येक वेळी उकळून घ्यायला हवी हे तिला माहीत होतं. दोन-चार दिवस उकळलीही. मग शलाकाला गोवर निघाला आणि ते राहून गेलं.

पुढच्या मीटिंगला सांगायचं, असं तिने नक्की ठरवलं होतं. पण शाळांना सुट्ट्या लागल्या, निम्मी बिल्डिंग गावाला गेली, आणि मीटिंग काही झाली नाही. मे महिन्यात हवा कोरडी होती, डाग जिथे होते तिथेच थांबल्यासारखे दिसायचे. रोज सकाळी ती बघायची. थांबलंय. बाईंना तरी कुठे सगळं माहीत असतं? राहुल गावाहून आला तेव्हा केवढा उंच झाला होता! ती त्याला झाडाजवळून पळताना बघायची आणि मनातल्या मनात धागा वर सरकवायची. एवढा पावसाळा निघाला तर निघाला. एवढंच.

पाऊस लागला तो लागलाच. ती गॅलरीत उभी राहून बघायची. पत्र्यावरून, कुंपणावरून, एका झाडावरून दुसऱ्यावर पाणी उडत होतं. फवारलेला मोरचूद निळा ओघळ होऊन गटारात चालला होता. आषाढात सातवं-आठवं झाड गेलं. गणपतीच्या सुमारास रांगेच्या दुसऱ्या टोकाला शलाकाचं झाड खालून तांबूस झालं. सुनीतीने ते भिंगाखाली धरलंही नाही.

वार्षिक सभेत फार वेळ लागला नाही. सगळी झाडं काढायची, माती बदलायची, अशोक लावायचे. "आणि आता नावंबिवं नकोत," दिनानाथकाका म्हणाले. "झाड म्हणजे झाड. उद्या परत काही झालं तर उगाच आयांच्या मनाला लागतं." सगळ्यांनी माना हलवल्या.

जिना उतरताना सगुणाताईंनी तिचा हात धरला. "राहुल रडतोय सकाळपासून. म्हणतो, आता माझी उंची कशावर मोजणार? म्हटलं, दारावर मोजू. आणि तू गं? तू ठीक आहेस ना? तुझ्या पुष्करचं..." त्यांनी वाक्य सोडलं. "तुझ्या त्या बाईंना काहीतरी उपाय सुचायला हवा होता तेव्हाच."

"सुचला होता," सुनीती म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. पण त्या हाताची ऊब मनगटाला लागत होती आणि तिला ती चोरीची वाटली.

"तीन झाडं काढायला सांगितली होती. मार्चमध्ये. पुष्करचं, तुमचं आणि गद्र्यांचं. बाकीची वाचली असती."

सगुणाताई जिन्याच्या पायरीवर तशाच थांबल्या. वरून लोक उतरत होते, 'जरा बाजूला' म्हणत होते. त्यांनी सुनीतीचा हात सोडला, झिडकारला नाही, नुसता सोडला.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "फाटकाशी. उपटायला सांगतात का म्हणून."

"हो."

"मी स्वतः उपटलं असतं राहुलचं. तुझ्याबरोबर उभी राहून उपटलं असतं गं." मग पदर खांद्यावर घेतला. "शलाकाचं झाडही गेलं त्यात. तेसुद्धा बघितलं नाहीस?"

त्या खाली गेल्या. सभेतल्या कुणाला त्यांनी ही गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर बरं, असं सुनीतीला पुढे कितीदा वाटलं. त्यानंतर जिन्यात भेटल्या की त्या हसायच्या, पाणी आलं का विचारायच्या, शलाकाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायच्या. तेवढंच.

दसऱ्याआधी ठेकेदाराची माणसं आली. दोरी बांधायची, खालून कुऱ्हाड घालायची, ओढायचं. मुळं उथळच होती, भरावात खाली गेलीच नव्हती. प्रत्येक झाड पडताना गॅलरीतून कुणीतरी म्हणायचं, "हे आमच्या मंजिरीचं," "हे बंटीचं गं." फांद्यांतून विटक्या लोकरीचे धागे लोंबत होते. दुसऱ्या झाडाला दोरी लागली तेव्हा सुनीतीने पहिल्या मजल्याकडे पाहिलं. सगुणाताई गॅलरीत होत्या. चादर झटकत होत्या. त्या आत वळल्या.

"हे कुनाचं?" ठेकेदाराच्या माणसाने सहज विचारलं. "ह्याला धागा नाय एकपन."

आवारातले लोक एकमेकांकडे बघू लागले. निम्मे नंतर राहायला आलेले, त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असलेल्यांना वाटलं, कशाला. सुनीतीने ओठ उघडले. मागे सासूबाई शलाकाला धरून उभ्या होत्या. त्या सणासाठी आल्या होत्या.

"असंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "तोड."

शलाकाने वर बघितलं. "असंच नाही, आजी. त्याचं नाव पुष्कर आहे."

"होतं," सासूबाई म्हणाल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.

झाडं मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन टाकली. ओली होती, जळेनात. ढीग पडून राहिला, वर गवत आलं, कुत्री त्यात निजू लागली. कुंपणालगत कुणाच्याही नावाचे नसलेले अशोक सरळ उभे राहिले, चांगले अंतर ठेवून. त्या काळात सुनीती घरात काम करताना मध्येच थांबायची आणि खालचे आवाज ऐकायची. पोरं ओरडायची, भंगारवाला ओरडायचा. त्यात ते नाव नसायचं. एकदा तिने शलाकाला विचारलं, "फाटकाजवळ पूर्वी दुसरं झाड होतं, त्याचं नाव आठवतं का गं?" शलाका चित्र रंगवत होती. "कुठलं झाड?" ती म्हणाली.

थंडी पडली तेव्हा एका संध्याकाळी नामाने तो वाळलेला ढीग पेटवला. वारा पूर्वेचा होता. राळेचा धूर आधी जमिनीलगत आला, मग बिल्डिंगीच्या अंगाने वर चढला. कडवट, गोडसर, डोळ्यांत झोंबणारा. एकामागून एक खिडक्या लागल्याचे आवाज येऊ लागले.

"राहुल, खिडकी लाव रे," खालून सगुणाताईंचा आवाज आला. "तळोजा आलाय आज परत."

शलाका खोकली. सुनीती उठली, मुलीला आतल्या खोलीत नेलं, दार ओढून घेतलं. मग परत येऊन खिडकीपाशी उभी राहिली. हात कडीवर होता. धूर आत येत होता, पडद्यात, धुतलेल्या कपड्यांच्या घडीत, तिच्या केसांत शिरत होता. ती तशीच उभी राहिली आणि श्वास घेत राहिली, धूर संपेपर्यंत.